बडोद्याच्या गच्चीवर चौदा महिने : हॅलोजन वायू शोधणाऱ्या वर्णपटमापकाचा वापरानंतरचा अनुभव

नायट्रोजन डायऑक्साइड मोजण्यासाठी हे उपकरण घ्यायचे असेल, तर फारसा विचार न करता घ्यावे. आयोडिन आणि ब्रोमिन या हॅलोजन मूलद्रव्यांची अतिसूक्ष्म प्रमाणातील संयुगे शोधण्यासाठी घ्यायचे असेल, तर मात्र पुढचे सगळे वाचून मगच ऑर्डर द्यावी. आम्ही ते दुसऱ्या कारणासाठी घेतले आणि गेले चौदा महिने बडोद्याच्या दांडिया बाजार भागातील एका इमारतीच्या गच्चीवरून चालवत आहोत. उत्पादकाचे आणि विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातील बहुतेक लहान उपकरणांचा सांगाडा सारखाच असतो आणि आम्हाला आलेल्या अडचणीही कोणत्या एका कंपनीच्या नाहीत.

उपकरण म्हणजे मोटारीवर फिरणारी छोटी दुर्बीण, तिच्यामागे क्वार्ट्झचा प्रकाशतंतू आणि एका डब्यात बसवलेला, ३०० ते ४६० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश २०४८ पिक्सेलवर पसरवणारा वर्णपटमापक. पद्धतीचे प्रचलित नाव मॅक्स-डोआस. दुर्बीण सूर्याकडे पाहत नाही. ती आकाशाच्या विखुरलेल्या उजेडाकडे, क्षितिजापासून २, ३, ५, १०, ३० अशा अंशांवर आणि शेवटी खमध्याकडे, म्हणजे थेट डोक्यावर, पाळीपाळीने पाहते. क्षितिजालगतचा उजेड जमिनीजवळच्या हवेतून कित्येक किलोमीटर आडवा आलेला असतो, खमध्याचा उजेड त्या थरातून उभा, थोडक्यात, उतरलेला असतो. दोन्ही वर्णपटांचा भागाकार केला की सूर्याच्या स्वतःच्या काळ्या, म्हणजे फ्राउनहोफर, रेषा बऱ्याचशा निघून जातात आणि खालच्या हवेतील वायूंनी केलेले शोषण उरते. प्रत्येक वायूच्या शोषणाची बारीक, दातेरी नक्षी वेगळी असते. धूळ, धूर आणि रेणूंचे प्रकीर्णन यांचा परिणाम तरंगलांबीनुसार सावकाश बदलतो, म्हणून तो एका गुळगुळीत वक्राने बाजूला काढता येतो आणि दातेरी भाग तेवढा मोजला जातो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत डीटर पेर्नर आणि उलरिख प्लाट यांनी रुजवलेली ही कल्पना अजूनही तशीच्या तशी उपयोगी पडते.

बडोद्यात हॅलोजन कशासाठी शोधायचे, असे आम्हाला अनेकांनी विचारले. याचे उत्तर गुजरातच्या नकाशात आहे. कच्छच्या रणावर उपग्रहाने जे पाहिले, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ओएमआय या उपग्रहावरील उपकरणाच्या दहा वर्षांच्या नोंदींत एप्रिल-मे महिन्यांत ब्रोमिन मोनॉक्साइडची स्तंभघनता, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या उभ्या स्तंभातील रेणूंची संख्या, एका चौरस सेंटिमीटरवर १.४ × १० चा १४ वा घात इतक्या रेणूंपर्यंत गेलेली आढळली आणि पावसाळ्यात, रण पाण्याखाली असताना, ही वाढ दिसलीच नाही. सुकलेल्या मिठाच्या पृष्ठभागावर आम्लता मिळाली की त्यातील ब्रोमाइड हवेत सुटते, उन्हाने ब्रोमिनचा रेणू फुटतो, त्याचे अणू ओझोनला खाऊन ब्रोमिन मोनॉक्साइड बनवतात आणि तेच पुढे आणखी ब्रोमाइडला मिठाबाहेर ओढते; एकाचे दोन होत जाण्याच्या या साखळीमुळे ध्रुवीय वसंतात समुद्रबर्फावरचा जमिनीलगतचा ओझोन काही तासांत जवळजवळ नाहीसा होतो, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. आयोडिनची गोष्ट समुद्राची आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरील आयोडाइडशी ओझोनची अभिक्रिया होऊन आयोडिन हवेत येते, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हिंदी महासागरावरील सफरींमध्ये आयोडिन मोनॉक्साइड मोजलेही आहे. बडोद्याहून खंभातचे आखात फार दूर नाही. नैर्ऋत्येचा वारा सुटला की त्यातले काही आपल्या वाट्याला येते का, एवढाच आमचा मूळ प्रश्न होता.

जागा निवडण्यातच पहिला महिना गेला. माहितीपुस्तकात १ अंशाचे मोजमाप ठळक अक्षरांत दिलेले आहे. आमच्या गच्चीवरून उत्तरेला १ अंशावर आकाश नसून शेजारच्या इमारतीची पांढरी पाण्याची टाकी आहे. टाकीवरून परावर्तित झालेला उजेडही वर्णपटच देतो आणि सॉफ्टवेअर त्याचे आकडेही निमूटपणे काढते, त्यामुळे पहिले दहा दिवस आम्ही मोठ्या निष्ठेने टाकीचा अभ्यास केला. आता सर्वांत खालचा कोन २ अंश ठेवला आहे. दुसरी गोष्ट कोणत्याही युरोपीय माहितीपुस्तकात सापडणार नाही. बडोद्याचा अक्षांश सुमारे २२.३ अंश, म्हणजे आपण कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहोत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात व पुन्हा जुलैच्या ९-१० तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस शाळेतल्या मुलांना दाखवायला छान असतो. पण खमध्याकडे पाहून संदर्भवर्णपट घेणाऱ्या दुर्बिणीत तेव्हा थेट सूर्य शिरतो आणि डिटेक्टर भरून वाहतो. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान खमध्याऐवजी उत्तरेकडे ८० अंशांवर पाहायचे, अशी आज्ञावली आम्ही स्वतः लिहिली.

आता तापमानाविषयी, कारण या उपकरणाचा खरा कस तिथेच लागतो. विक्रीपत्रकात ‘तापमान-नियंत्रित’ असे लिहिले आहे आणि ते खोटे नाही, मात्र आतला पेल्टिए शीतक बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच डबा थंड ठेवू शकतो. एप्रिलमध्ये गच्चीवरचा पत्रा तापू लागला की सकाळी २० अंशांवर स्थिर असलेला डबा दुपारी तीनच्या सुमारास हळूहळू वर सरकू लागे. एका अंशाने काय बिघडते, असे आम्हालाही वाटले होते. प्रत्यक्षात एका अंशाने वर्णपट डिटेक्टरवर पिक्सेलच्या काही शतांशाने सरकतो आणि रेषांचा आकारही किंचित बदलतो. दुपारचा वर्णपट सकाळच्या संदर्भाने भागला की फ्राउनहोफर रेषा पूर्ण कटत नाहीत, आणि त्या न कटलेल्या कडा आम्ही शोधत असलेल्या शोषणापेक्षा कितीतरी मोठ्या असतात. सरकणे सॉफ्टवेअर दुरुस्त करते. आकार बदलणे त्याला तितकेसे जमत नाही. शेवटी वर्णपटमापक गच्चीवरून काढून खालच्या वातानुकूलित खोलीत नेला, थर्माकोलच्या पेटीत ठेवला, आणि दुर्बिणीपर्यंत १० मीटर लांबीचा प्रकाशतंतू टाकला. तंतू लांब झाल्याने अतिनील प्रकाश थोडा घटला. तरीही नफाच झाला. जुळणीनंतर उरणारा अवशेष, म्हणजे कोणत्याही ज्ञात वायूने ज्याचा हिशेब लागत नाही तो गोंगाट, एप्रिलच्या दुपारी दहा हजारांत सहा-सात भाग होता, तो दोन ते तीनवर आला. विकत घेणाऱ्याने विभेदनक्षमता, पिक्सेल, मोटारीची अचूकता हे सगळे पाहावे, पण विक्रेत्याला प्रश्न एकच विचारावा: आमच्या गच्चीवर, मे महिन्याच्या दुपारी, तुमचा अवशेष किती?

पावसाळ्यात याच वातानुकूलित खोलीने उलटा त्रास दिला. खोली थंड, बाहेरची हवा दमट, आणि तंतूचे बाहेरचे टोक दुर्बिणीच्या नळीत. जुलैच्या एका सकाळी भिंगाच्या आतल्या बाजूला दव जमले आणि आठवडाभर प्रकाश निम्म्यावर आला. सिलिका जेलची पुडी दर पंधरवड्याला भाजून परत ठेवणे हा आता आमच्याकडच्या शिपाईकाकांच्या कामाचा भाग झाला आहे. ढगाळ दिवसांविषयी जास्त लिहीत नाही. जून ते सप्टेंबर मोजमाप चालते, पण त्याचा अर्थ लावणे फार कठीण असते.

आता मुख्य वायूंकडे वळतो. आयोडिन मोनॉक्साइडसाठी ४१८ ते ४३८ नॅनोमीटरची खिडकी, म्हणजे वर्णपटाचा तेवढाच पट्टा, वापरतात, आणि नेमक्या याच भागात नायट्रोजन डायऑक्साइड जोरात शोषण करतो. शहराच्या उत्तरेच्या रहदारी व उद्योगपट्ट्यावरून येणाऱ्या हवेत त्याचे शोषण प्रकाशाच्या एक-दोन टक्क्यांपर्यंत जाते; आयोडिन मोनॉक्साइडचे अपेक्षित शोषण ०.०२ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे पोतेभर ज्वारीतून एक मोहरी निवडायची, आणि ज्वारीचा प्रत्येक दाणा किती मोठा आहे हे आधी अचूक ठाऊक असायला हवे. नायट्रोजन डायऑक्साइडचा शोषण-छेद, म्हणजे त्याचा एक रेणू किती प्रकाश अडवतो याचे माप, तापमानाप्रमाणे बदलतो. खालच्या उष्ण हवेसाठी एक आणि स्थितांबरातील, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या पट्ट्यातील, गार हवेसाठी दुसरा, असे दोन छेद एकाच वेळी जुळवावे लागतात. त्याशिवाय रिंग परिणाम आहेच: हवेचे रेणू प्रकाश विखुरताना त्याची तरंगलांबी किंचित बदलतात, त्यामुळे फ्राउनहोफर रेषा थोड्या भरून येतात आणि हे भरून येणेही दातेरीच असते.

मर्यादा किती, म्हणजे कमीत कमी किती वायू ओळखू येईल, हे कुणालाही कागदावर काढता येते. अवशेष दहा हजारांत दोन धरला आणि त्याच्या दुप्पट शोषण ओळखू येते असे मानले, तर ४२७ नॅनोमीटरजवळच्या सुमारे २ × १० चा उणे १७ वा घात इतक्या शोषण-छेदाने भागल्यावर २ × १० चा १३ वा घात रेणू प्रति चौरस सेंटिमीटर मिळतात. प्रकाशाचा आडवा मार्ग १० किलोमीटर असेल तर हे प्रमाण एक लाख कोटी रेणूंत ०.८ रेणू, म्हणजे ०.८ पीपीटी, भरते. महासागरावरही आयोडिन मोनॉक्साइड साधारण १ पीपीटीच्या आतच सापडतो. पण डिसेंबर-जानेवारीत बडोद्यावर जी धुरकट चादर पसरते, तिच्यात हा मार्ग तीन किलोमीटरवर येतो. हा आमचा तर्क नव्हे. ऑक्सिजनच्या जोड-रेणूंचे ३६० आणि ४७७ नॅनोमीटरजवळचे शोषण मार्गाची लांबी सांगते, आणि त्यातला ३६०चा पट्टा आमच्या टप्प्यात आहे. मार्ग तीन किलोमीटर झाला की मर्यादा २.७ पीपीटी होते. म्हणजे हिवाळ्यात अरबी समुद्रावरची हवा कोणी बाटलीत भरून आणून गच्चीसमोर सोडली, तरी हे उपकरण ती ओळखणार नाही. चौदा महिन्यांत आयोडिन मोनॉक्साइडचे एकही मोजमाप आम्ही ‘आढळले’ या रकान्यात लिहिलेले नाही. नैर्ऋत्य वाऱ्याच्या, स्वच्छ आणि ढगविरहित अशा मोजक्या दिवसांसाठी ‘याहून जास्त नव्हते’ एवढे मात्र आम्ही खात्रीने लिहितो आणि माझ्या मते तेही मोजमापच आहे.

ब्रोमिन मोनॉक्साइडने आम्हाला एकदा चांगलेच फसवले. मार्चमध्ये रोज संध्याकाळी साडेपाचनंतर त्याचे आकडे चढत जात आणि सूर्यास्ताजवळ मर्यादेच्या बरेच वर जात. आमच्यातील एका विद्यार्थिनीने वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटीच्या वेळा, सगळे जुळवून पाहिले. भरतीशी काहीच संबंध लागेना, तेव्हा तिलाच शंका आली की संध्याकाळ रोज येते, भरती काही रोज एकाच वेळी येत नाही. चूक संदर्भवर्णपटात होती. दिवसभरासाठी दुपारचा एकच खमध्य-वर्णपट आम्ही संदर्भ म्हणून धरला होता. सूर्य मावळतीला लागला की त्याचा प्रकाश स्थितांबरातून फार तिरका, लांबचा मार्ग कापून येतो, आणि तिथे ब्रोमिन मोनॉक्साइड खरोखरच असते. दुपारच्या संदर्भात ते कमी, संध्याकाळच्या प्रत्येक वर्णपटात ते जास्त. फरक आम्ही जमिनीच्या नावावर टाकत होतो. प्रत्येक फेरीच्या लगत घेतलेला खमध्य संदर्भ वापरताच चढण नाहीशी झाली. उरलेला थोडा उंचवटा फॉर्माल्डिहाइडचा निघाला. त्याचे शोषणपट्टे ब्रोमिन मोनॉक्साइडच्या पट्ट्यांशी इतके मिळतेजुळते आहेत की खिडकी लहान धरली तर एकाचे माप दुसऱ्याच्या पारड्यात पडते. खिडकी ३३६ ते ३५९ नॅनोमीटर केल्यावर दोघे वेगळे झाले.

या फसगतीतून एक चांगली गोष्ट हाती लागली. संध्याकाळचे वर्णपट मुद्दाम खमध्याकडे दुर्बीण ठेवून घेतले आणि दुपारच्या संदर्भाने भागले, तर स्थितांबरातील ब्रोमिन मोनॉक्साइड स्वच्छ दिसते. म्हणजे आम्ही सर्वांत भरवशाने मोजलेला हॅलोजन वायू बडोद्याचा नाही, आखाताचाही नाही. तो डोक्यावर वीसेक किलोमीटर आणि त्याहून उंच आहे. संध्याकाळी अतिनील उजेड झपाट्याने घटतो, त्यामुळे एक वर्णपट पुरेसा होत नाही, पाच-सहा दिवसांची सरासरी घ्यावी लागते. पण ती घेतली की आकडा दर वेळी येतो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस सारे सामान गाडीत घालून आम्ही छोट्या रणाच्या काठी, पाटडी-खाराघोडा भागात गेलो. बडोद्याहून अंतर साधारण दोनशे किलोमीटर. मिठागरांच्या कडेला, मीठ पिकवणाऱ्या एका अगरिया कुटुंबाच्या झोपडीच्या सावलीत वर्णपटमापक ठेवला, त्यांच्या सौरपंपाच्या पॅनेलवरून त्यांनी आम्हाला वीजही दिली आणि “साहेब, मीठ तो नीचे छे, तमे ऊपर शुं जुओ छो?” असा रास्त प्रश्नही विचारला. पहिले दोन दिवस धुळीत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला आणि दोन-तीन तास ब्रोमिन मोनॉक्साइड खालच्या कोनांवर मर्यादेच्या वर राहिले, वरच्या कोनांवर कमी होत गेले, म्हणजे वायू खालीच असल्याची खूण. तापमानाचे नियंत्रण मात्र त्या दुपारी जवळजवळ हरले होते. त्यामुळे त्या नोंदीपुढे मी आजही प्रश्नचिन्हच ठेवतो, जरी आमच्यातील तरुण मंडळींनी ते केव्हाच पुसून टाकले आहे.

नंदेसरी-रणोलीचा रासायनिक पट्टा जवळ असल्याने ‘हे यंत्र क्लोरीन मोजते का’ हा प्रश्न गच्चीवर येणारा प्रत्येक जण विचारतो. मोजत नाही. क्लोरीन वायूचे शोषण ३३० नॅनोमीटरभोवती पसरट, गुळगुळीत टेकडीसारखे आहे. त्याला दाते नाहीत, आणि ही पद्धत जे गुळगुळीत ते सगळे धुळीबरोबर टाकून देते. हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड अवरक्तात शोषतात. त्यांच्यासाठी थेट सूर्याकडे पाहणारा फूरिए-रूपांतर वर्णपटमापक लागतो. हायड्रोजन फ्लोराइडची ४०३९ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येजवळची एक रेषा किंवा क्लोरीन नायट्रेटचा ७८० प्रति सेंटिमीटरजवळचा पट्टा त्यावर वाचतात. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखसारख्या उंच केंद्रांवर अशीच उपकरणे कित्येक दशके चालू आहेत. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर स्थितांबरातील हायड्रोजन क्लोराइड १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर वाढायचे थांबून घटू लागले, हे त्यांच्याच नोंदींत दिसले. त्या उपकरणाची किंमत, आकार आणि देखभाल वेगळ्याच पंक्तीची आहे. आमच्या डब्याशी त्याची तुलना करणे दोघांवरही अन्याय होईल.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. सोबत आलेला कार्यक्रम नोंदी घेण्यापुरता ठीक आहे. विश्लेषणासाठी आम्ही बेल्जियमच्या अवकाश-वायुविज्ञान संस्थेचे मोफत मिळणारे क्यूडोआस वापरतो. विक्रेत्याची विक्रीनंतरची सेवा सौजन्यपूर्ण आणि संथ आहे. उत्तरायणाला, १४ जानेवारीच्या संध्याकाळी, एक तुटलेला मांजा दुर्बिणीच्या मोटारीच्या दांड्याभोवती गुंडाळला गेला. मोटार बंद पडली असती तर लगेच कळले असते; ती चालतच राहिली, फक्त प्रत्येक कोन सुमारे ०.७ अंशाने खाली घसरला, आणि २ अंशांच्या मोजमापात ऑक्सिजन-जोडीचे आकडे विचित्र दिसू लागेपर्यंत आठ दिवस गेले. नवा दांडा येईपर्यंत आणखी सात आठवडे. आता १२ ते १६ जानेवारी या दिवसांत दुर्बीण उतरवून आत ठेवायची, असे ठरले आहे, आणि बडोद्यात या यंत्राचा विमा काढणाऱ्याने मांजा हे कारण स्पष्ट लिहून घ्यावे.

गुण द्यायचेच असतील तर बांधणीला चांगले, तापमान-नियंत्रणाला आपल्या उन्हाळ्यासाठी अपुरे, आणि माहितीपुस्तकाला त्याहून कमी. तरी मी ते परत करणार नाही. पुढच्या एप्रिलसाठी आम्ही दुप्पट शक्तीच्या शीतकाची पेटी स्थानिक कारागिराकडून बनवून घेतली आहे. मकरपुऱ्याच्या त्या कारखान्यात गेल्या आठवड्यात ती ४५ अंशांच्या भट्टीत ठेवून पाहिली, आतला डबा सहा तास २० अंशांवरून हलला नाही, आणि रणाच्या काठच्या त्या अगरिया कुटुंबाला आम्ही येत असल्याचा निरोपही गेला आहे.